अकरा बायकांचा बुधवार

कोथावळे सकाळी साडेआठला आमच्या दारात उभे होते आणि ते वारलेले होते.

म्हणजे त्यांच्या हातातल्या कागदावर तसं होतं. नगरपरिषदेचा गोल शिक्का, खाली माझ्या आईची सही आणि मयताचं नाव: भालचंद्र यशवंत कोथावळे.

“वैजयंताबाई आहेत का?” त्यांनी विचारलं.

“आंघोळीला गेलीये. बसा ना काका.”

“बसतो,” ते म्हणाले. “आता मला कसली घाई.”

त्यांची म्हातारी आई मे महिन्यात गेली होती. तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांनी अर्ज केला आणि दाखला तयार करताना अर्जदार आणि मयत यांची अदलाबदल झाली. कागदाप्रमाणे म्हातारी ठणठणीत होती आणि तिनेच मुलाच्या मृत्यूची खबर दिली होती. कोथावळ्यांनी तो न वाचताच बँकेत नेला.

“खिडकीवरच्या पोराने वाचला,” ते म्हणाले. “मला म्हणाला, हे काम तुम्हाला करता येणार नाही, तुमच्या वारसाला पाठवा.”

आई ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. तिने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि चपला घालायच्या स्टुलावर बसली.

“मी तुम्हाला मारलं की हो,” ती म्हणाली.

“असू द्या. त्रास काही झाला नाही.”

आई तेव्हा नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होती. एकोणीस वर्षं तेच टेबल. कॉम्प्युटर आला तरी मोठी रजिस्टरं ती हातानेच लिहायची. गावातल्या एकोणिसाच्या आतल्या प्रत्येक पोराचं नाव कागदावर पहिल्यांदा तिने लिहिलेलं होतं. बाजारात एखादा मिसरूड फुटलेला मुलगा दिसला की ती म्हणायची, “हा दोन किलो तीनशे होता, आता बघ कसा चालतो.” रजिस्टरांच्या कपाटाची किल्ली ती पदराला बांधायची, घराची किल्ली मात्र कुंडीखाली असायची. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की आईला आवडणाऱ्या गोष्टींत ते टेबल पहिलं आणि आम्ही दोघं विभागून दुसरे.

आणि ते टेबल जायची वेळ आली होती. कोथावळे ही दोन महिन्यांतली तिसरी चूक. पहिल्या चुकीत जुळ्यांपैकी एकाची दोनदा नोंद झाली आणि दुसरा जन्मलाच नाही. दुसऱ्या चुकीत एक मुलगी बत्तीस किलोची जन्मली. कोथावळे वारल्यावर मुख्याधिकारी साहेबांनी मेमो दिला: पुढच्या दप्तर तपासणीपर्यंत आणखी एक चूक किंवा गैरहजेरी दिसली, तर टेबल काढून घेण्यात येईल.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आई झोपत नव्हती. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बीएस्सी होऊन घरी असण्याची नोकरी करत होते, त्यामुळे तिला डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांना हलू नका, हसू नका असं सांगण्यात त्यांचा दिवस जायचा आणि घरी आल्यावर ते स्वतःही तेच पाळायचे.

डॉ. तांबट मॅडमनी रिपोर्ट पाहिले. थायरॉइड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन पावणेनऊ.

“झोप किती वाजता लागते?”

“अकराला लागते, तीनला संपते,” आई म्हणाली.

“मग तीननंतर काय करता?”

“डबे पुसते.”

“चिडचिड होते का?”

“छे.”

मी खोकले.

“हिच्याकडे लक्ष देऊ नका,” आई म्हणाली. “हिला सवय आहे.”

“दूधवाल्याशी अबोला आहे,” मी म्हणाले. “मार्चपासून. दूध तोच घालतो. आई त्याला चिठ्ठी लिहिते.”

मॅडमनी मान हलवली, जणू दर दुसऱ्या घरात दूधवाल्याशी पत्रव्यवहार असतो. “आणि कारण नसताना रडू येतं?”

आईने टेबलावरच्या पेनस्टँडमधली पेनं सरळ केली. मग म्हणाली, “परवा कुकरची शिट्टी होईना, तेव्हा आलं. बराच वेळ आलं.”

हे मला माहीत नव्हतं. शिट्टी मी नंतर दुरुस्त करून आणली होती.

“काल काय काय खाल्लंत ते सकाळपासून सांगा.”

“काल गुरुवार होता.”

“म्हणजे?”

“उपवास.”

“बरं, परवाचं सांगा.”

“परवा एकादशी.”

“त्याच्या आदल्या दिवशी?”

“मंगळवारी माझं काही नसतं,” आई म्हणाली. मॅडमना जरा हायसं वाटलं. “पण सोमवारचा उपवास सोडायला रात्री उशीर झाला होता, म्हणून मंगळवारी सकाळी जेवले नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरवर आम्ही मोजलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादशा आणि संकष्टी. महिन्याचे सोळा दिवस आई साबुदाणा, शेंगदाणे, बटाट्याचे वेफर्स आणि चहा यांवर जगत होती. चहा दिवसाला सहा कप. उरलेल्या चौदा दिवसांत ती या सोळा दिवसांचा थकवा काढायची आणि जे उरलेलं असेल ते ओट्याशी उभं राहून संपवायची.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या, “झोपेचं हेच एक कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पोट असं वागवलं की मन आणि झोप दोन्ही ताळ्यावर राहत नाहीत, हे मी रोज बायकांमध्ये बघते. झोपेच्या गोळ्या मी केव्हाही देईन. त्याआधी सहा आठवडे माणसासारखं जेवा. सकाळी नाश्ता, दुपारी डाळ, पालेभाजी, भाकरी, दही, आणि संध्याकाळचं जेवण साडेसातला. चारनंतर चहा नाही. लोहाची गोळी आजपासून.”

“आणि उपवास?” मी विचारलं.

“बंद.”

आई हसली. इतकं गोड ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. “बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तिने खिचडी केली.

“काय ठरलं होतं?” मी विचारलं.

“बाई शिकलेली आहे,” आई म्हणाली. “पण व्रत असं टाकता येत नसतं गं. ते कुणासाठी तरी धरलेलं असतं.”

“कुणासाठी? सोमवार कुणाचा?”

“तुझ्या बाबांचा. अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा धरला.”

“त्याला अकरा वर्षं झाली.”

“मी बरा आहे,” बाबा पेपरमागून म्हणाले.

“गुरुवार?”

“तुझं बारावीचं गणित.”

“मी पास झाले आई. एक्केचाळीस मिळाले. चार वर्षं होतील.”

“म्हणूनच चालू ठेवला. एक्केचाळीसवर सोडायचं म्हणजे जोखीमच.”

“संकष्टी?”

“वंदनाआत्याचं लग्न जमावं म्हणून.”

वंदनाआत्याचा थोरला तेव्हा आठवीत होता. हे मी आईच्या नजरेस आणून दिलं.

“जमलं हे खरं,” आई म्हणाली, “पण तिचा नवरा बघितलास ना तू?”

एकादशा आजीच्या होत्या. जाताना तिने आईच्या हातात दिल्या होत्या, जसं कुणी पाटल्या देतं.

“आणि शनिवार?”

आई उठली. “दूध उतू जाईल.”

गॅसवर दूध नव्हतं. गॅस चालूही नव्हता.

पुढचे दोन आठवडे मी आयुष्यातले सगळ्यात जास्त चिडलेले होते. मी डाएटचा तक्ता करून फ्रिजवर लावला. आईने त्यावर भाजीची यादी लिहिली. मी साबुदाण्याचा डबा लपवला. तीन वाजता उठून डबे पुसणाऱ्या बाईपासून डबा लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी मॅडमचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून जेवताना लावलं, तर आई म्हणाली, “आवाज किती गोड आहे त्यांचा,” आणि चहा ओतून घेतला. शेवटी मी उपोषणाला बसले. आई जेवेपर्यंत मी जेवणार नाही, असं मंगळवारी सकाळी जाहीर केलं. आईने ते शांतपणे ऐकलं आणि मला सुबुद्धी यावी म्हणून मंगळवार धरला.

तीन तासांत मी उपोषण सोडलं. मंगळवार मात्र लागला तो लागलाच. आठवड्यात आता बुधवार, शुक्रवार आणि रविवार शिल्लक होते आणि हे मी केलं होतं.

ऑफिसातही बरं चाललं नव्हतं. आईने एका बाळाच्या नोंदीत वडिलांच्या जागी डॉक्टरांचं नाव लिहिलं होतं. सही व्हायच्या आत शिपायाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी ती घरी आली, पर्स खाली ठेवली आणि म्हणाली, “केतके, माझं डोकं माझं राहिलं नाही बघ.” मग खिचडीला साबुदाणा भिजवायला गेली.

मी दिवेकर गुरुजींना बोलावलं. गुरुजी स्कूटरवरून, कानात फोनची वायर घालून आले. एकीकडे ते कुणाला तरी वास्तुशांतीची तारीख देत होते. त्यांनी वायर काढली, पाणी प्यायले आणि सगळं ऐकून घेतलं.

“व्रत सोडत नसतात, पूर्ण करतात,” ते म्हणाले. “उद्यापन करायचं. ज्यासाठी धरलं ते झालं असेल, तर पूजा करायची, अकरा सवाष्णी जेवू घालायच्या, मोकळं व्हायचं.”

“एकेका व्रताला अकरा?” मी विचारलं.

“एकत्र उरकू की. मागच्या महिन्यात एका घरी सात उरकली.”

“गुरुजी, संकष्टीचं जरा…” आई म्हणाली.

“लग्न झालं ना?”

“झालं.”

“मग नवरा कसा मिळाला याची जबाबदारी व्रतावर नसते.” गुरुजींनी बोटं मोजली. “सोमवार, गुरुवार, संकष्टी झाली. मंगळवार सुबुद्धीचा. मुलीने बोलावलंय म्हणजे तीही आली असं धरू. एकादशा राहू द्या. पण त्या दिवशी दूध, फळं, राजगिऱ्याची भाकरी, पोटभर खा. देव काही म्हणत नाही. शनिवार?”

“तो नाही झालेला,” आई म्हणाली.

“मग चालू ठेवायचा. किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यायचा. ते पुढे चालवतात.”

गुरुजी गेल्यावर आई शेंगदाणे सोलायला बसली. मी समोर बसले.

“कुणासाठी आहे शनिवार?”

“हसशील.”

“मी कधी हसते का?”

“तेच तर. तू तोंड सरळ ठेवून बोलतेस, त्याने माणसाला जास्त लागतं.”

मी दहा-बारा शेंगदाणे सोलले. तोंड सरळ ठेवण्याव्यतिरिक्त त्याचं काय करता येतं हे मला त्या वेळी सुचलं नाही.

“झोप यावी म्हणून धरलाय,” आई म्हणाली. “दोन वर्षं झाली. दोन्ही वेळचा. बाकी सगळे तुम्हा लोकांचे आहेत. माझ्यासाठी म्हणून एवढाच मागितला.”

मी ते डोक्यात तीनदा फिरवून पाहिलं. झोप येत नाही म्हणून उपवास, उपवास आहे म्हणून झोप नाही, आणि झोप येईपर्यंत उपवास सुटणार नाही. मॅडमचा तक्ता, माझं रेकॉर्डिंग, माझं तीन तासांचं उपोषण, हे सगळं मी या गोष्टीच्या बाहेरून दार वाजवत करत होते. आणि त्या घराला दारच नव्हतं.

“दे मला तो,” मी म्हणाले.

“काय?”

“शनिवार. तुझ्या झोपेसाठी मी धरते. झोपेचा अनुभव मला तुझ्यापेक्षा जास्त आहे.”

“तुला जमायचा नाही.”

“सकाळचा अर्धा वेळ तर मी झोपलेलीच असते. निम्मा उपवास तिथेच झाला.”

आईने सालं फुंकली. “बघू,” ती म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ हो असतो.

आता अकरा बायका शोधायच्या होत्या. मला वाटलं हे सोपं काम. मी वही घेऊन गल्लीत फिरले. जगताप काकूंना सोमवार आणि शनिवार चालत नव्हता. निंबाळकर मावशींना मंगळवार आणि शुक्रवार. नलूताईंचा गुरुवार होता आणि रविवारी त्या मीठ खात नव्हत्या. कोपऱ्यावरच्या दोघी जावांनी एकमेकींपेक्षा एक उपवास जास्त करायचा असं काहीतरी चालवलं होतं. त्यांच्या चौकटी मी भरल्याच नाहीत, नुसत्या काळ्या केल्या. मी आडवे वार आणि उभ्या बायका असा तक्ता केला. तो पूर्ण झाल्यावर दिसलं की आमच्या गल्लीत बुधवार सोडला तर एकाही दिवशी अकरा बायका एकदम जेवत नाहीत.

“झोप लागते का हो तुम्हाला?” मी जगताप काकूंना सहज विचारलं.

“झोप कसली,” त्या म्हणाल्या. “चार वाजल्यापासून आढ्याकडे बघत असते. वय झालं.” काकू अठ्ठेचाळीसच्या होत्या.

बुधवार ठरला. आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मंगळवारी संध्याकाळी शिपाई निरोप घेऊन आला: उद्या दुपारी दोनला दप्तर तपासणी, मुख्याधिकारी स्वतः येणार, सर्वांनी हजर राहावे.

“पुढे ढकलू या आपलं,” बाबा म्हणाले.

मी त्यांना तक्ता दाखवला. पुढच्या बुधवारी तिघी गावाला जाणार होत्या आणि जावांपैकी धाकटीचं नवीन व्रत सुरू होणार होतं.

“पूजा दहाला, पंगत बाराला,” आई म्हणाली. “मी दोनच्या ठोक्याला टेबलावर असेन. रजिस्टरं सगळी तपासून ठेवलीत मी. तीन-तीनदा.”

बुधवारी ती नेहमीसारखी तीनला उठली आणि पुरण वाटून मोकळी झाली. बाकीचं मी आणि बाबांनी केलं. मेन्यूवरून गुरुजी आणि मॅडम यांच्यात माझ्यामार्फत बोलणी झाली होती: पालकाची पातळ भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, वरणभात, दही, आणि धर्माच्या बाजूने माणशी एक पुरणपोळी.

पूजा वेळेवर झाली. बाराला दहा बायका आल्या. अकरावी शीतलवहिनी. तिचा मोबाइलवर निरोप आला: “सॉरी, आजपासून डाएट चालू केलंय. सोळा तास काही खायचं नाही असं डाएटवाल्या ताईंनी सांगितलंय.”

“बुधवारसुद्धा गेला,” निंबाळकर मावशी म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं, आणि माझं तोंड सरळच असल्यामुळे ते कुणालाच कळलं नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना एकला दुसरीकडे बारसं होतं.

“वैजयंताबाई, तुम्ही बसा पानावर,” ते म्हणाले.

“मी कशी बसू? मी यजमान. मला वाढायचंय.”

“शनिवार मुलीने घेतला की नाही?”

“घेतला,” मी म्हणाले.

“मग त्या शनिवारापुरती यजमान ही. ती वाढेल. तुम्ही आज पाहुण्या.”

“मला नंतर बसू द्या हो गुरुजी. सगळ्यांचं झालं की—”

“पाहुणे नंतर बसत नाहीत,” गुरुजी म्हणाले आणि बाहेरच्या खाटेवर जाऊन टेकले.

आई भिंतीच्या कडेला, शेवटच्या पानावर बसली. पहिली पाच मिनिटं तिने जेवण असं केलंच नाही. “काकूंना वरण वाढ. नलूताईंचं पाणी बघ. कोशिंबिरीला मीठ कमी नाही ना?”

“पाहुण्यांनी हुकूम सोडायचे नाहीत,” जगताप काकू म्हणाल्या. “केतकी, हिला भात वाढ. आणखी. तूप सोड. हात आडवा धरलास तर हातावर वाढेल ती.”

दहा बायकांनी मिळून आग्रह केला की माणूस काही करू शकत नाही. आईने भात कालवला आणि खायला लागली. जेवणातून वाफ येत होती आणि आई ते खात होती, हे दृश्य मी घरात पहिल्यांदाच पाहत होते. पालक तिने दुसऱ्यांदा मागून घेतला. उसळ घेतली. दही घेतलं. मग पोळीचा अर्धा भाग खाल्ला, उरलेल्या अर्ध्याला हात लावला, आणि हात तिथेच थांबला.

मला वाटलं चक्कर आली. मी वाडगं खाली टाकून धावले. जगताप काकू शेजारी होत्या. त्यांनी वाकून आईच्या तोंडाशी कान नेला.

“घोरतीये,” त्या म्हणाल्या.

आई भिंतीला डोकं टेकून, मांडी घालून, उजवा हात पानावर ठेवून झोपली होती. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. बाकी दहाजणींची पानं रिकामी होती. अकराव्या पानावर अर्धी पोळी होती.

“उठवू का हलकेच?” नलूताई कुजबुजल्या.

“थांब जरा,” काकू म्हणाल्या.

आम्ही थांबलो. दीडला बाबा आईची पर्स आणि स्कूटरची किल्ली घेऊन दारात आले, आत पाहिलं आणि तिथेच उभे राहिले. पावणेदोनला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दहाही बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

“यजमान तू आहेस,” निंबाळकर मावशी म्हणाल्या.

मला ते टेबल दिसत होतं. एकोणीस वर्षांची रजिस्टरं, तीन-तीनदा तपासलेली. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. आईची झोप तशी कागदासारखी पातळ. पंधरा मिनिटांत ती ऑफिसात पोचली असती, तोंड धुऊन, डोळे ताणून.

मी तिच्या पदराची गाठ सोडली, कपाटाची किल्ली काढली आणि बाबांना दिली. आई हललीसुद्धा नाही.

“साहेबांना काय सांगू?” बाबांनी विचारलं.

“जेवतीये म्हणून सांगा.”

बाबांनी ते तसंच सांगितलं. ते कधीच काही रंगवून सांगत नाहीत. साहेबांनी तपासणीच्या अहवालात लिहिलं: रजिस्टरे व्यवस्थित, संबंधित कर्मचारी जेवत असल्याने गैरहजर.

त्या सव्वातीन तासांबद्दल आमच्या गल्लीत आजही, आठ वर्षांनीसुद्धा, बोलतात. दहा बायका वाळलेले खरकटे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. एकीच्या पायाला मुंग्या आल्या, तिने पाय लांब केला, पण उठली नाही. नलूताईंची मुलगी शाळेतून आली, तिला खुणेनेच शेजारी बसवून पोळी दिली. जावांपैकी थोरली भिंतीला टेकली आणि तिचाही डोळा लागला. गुरुजींचं बारसं बुडालं; ते खाटेवर आडवे होते. मी वाढायचं भांडं धरून उभी होते, आणि त्या खोलीत कुणीच काही करत नव्हतं.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी आईने डोळे उघडले. समोरच्या पानाकडे पाहिलं. उरलेली अर्धी पोळी शांतपणे संपवली. मग घड्याळाकडे पाहिलं, मग पदराच्या सुटलेल्या गाठीकडे.

“केतके,” ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

बायका एकदम उठल्या, दोघींना धरून उठवावं लागलं. गुरुवारी आईच्या हातात कागद पडला. टेबल एका नव्या पोराकडे गेलं, त्याने रजिस्टरं कपाटात ठेवून दिली आणि सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. आईला पाणीपट्टीच्या खिडकीत बसवलं. ती बाबांशी बोलत होती, काकूंशी बोलत होती, शुक्रवारी तर दूधवाल्याशीही बोलली. माझ्याशी नाही. माझ्या बाजूने काही सांगायला गेले की ती नळ सोडायची. शुक्रवारी सकाळी ती सात वाजता उठली, पाणी जायची वेळ झाली होती, आणि कुणी हाक का मारली नाही म्हणून मला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला विचारलं.

पण रोज संध्याकाळी साडेसातला ती ताट वाढून घ्यायची. न घेण्याला तिच्याकडे आता काही कारण उरलं नव्हतं. गुरुवारी डाव असा आपटला की बाबा पेपर खाली ठेवून बघायला आले. आई रागारागाने मुगाची आमटी खात होती.

शनिवारी मी उपवास धरला. सकाळी अपेक्षेप्रमाणे सोपा गेला. दुपारनंतर माझं डोकं भणभणायला लागलं, आणि संध्याकाळी मी कशीबशी खिचडी केली, वर कडक चहा केला आणि टेबलाशी बसले. आई समोर येऊन बसली. ताटात ज्वारीची भाकरी, मेथी, दही, कांदा. तिने माझ्या ताटलीकडे पाहिलं नाही. बाबांनी दोघींकडे पाहिलं आणि हलले नाहीत.

तिचा पहिला घास झाला. मग तिने हात लांब करून माझ्यासमोरचा कप उचलला, उठून मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला आणि परत येऊन बसली.

“यावर चहा प्यायचा नाही,” ती म्हणाली. “झोप लागत नाही.”

आणि भाकरीचा तुकडा मोडून मेथीला लावला.